सात जणांचं

विमान लहानच. साओ जॉर्जवर मोठं उतरत नाही.
कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून आम्ही उभे.
एदुईनो म्हणाला, "ढग आलेत, आज नाही उडायचं,"
तेवढ्यात ते उडालं.

खरं सांगते, घरी आल्यावर
पहिला तासभर मला बरं वाटलं.
चपला काढल्या. रेडिओ लावला नाही.
न्हाणीघराला कडी न लावता बसले.
एकवीस दिवस सूनबाई विचारत होती,
हे पाणी प्यायचं का, हे दूध उकळायचं का,
आणि लिनू, माझ्याच पोटचा,
दोन भाषांच्या मधोमध खुर्ची टाकून
दोघींचं इकडचं तिकडे करून दमलेला.

मग संध्याकाळ झाली.

म्हणतात, रिकामं घर खायला उठतं.
आमचं उठलं नाही.
भरपेट जेवलेल्या पाहुण्यासारखं
पाय पसरून पडून राहिलं,
आणि त्याची झोप मोडू नये म्हणून
आम्ही दोघं हळू चालत होतो.

एदुईनोच्या अकरा गायी.
नावं त्याच्या बापाच्या वेळेपासून तीच, फिरत आलेली:
मिमोझा, पोंबा, एश्त्रेला.
धाकट्या मेसनने एश्त्रेलाला बुल्डोझर केलं.
ब्रॅम्प्टनच्या पोराला काय कळतं, म्हणून हा हसला होता.
आता बादली आपटत कुरणावरून आला:
"जुन्या नावाला बघतसुद्धा नाही ती."
दुसऱ्या दिवशी, आसपास कुणी नाही असं समजून
(मी होते, दगडी भिंतीआड, कपडे वाळत घालत)
घसा खाकरून म्हणाला,
"बुल्डोझर. ये बाई, ये."

हातांना सांगून कळत नाही.
मंगळवारी बटाटे सात जणांचे सोलले गेले.
घेवडा, कोबीची पानं, सॉसेजचा तुकडा.
बुधवारीही.
एदुईनोने दोन वाट्या घेतल्या, तिसरी माझ्या समाधानासाठी,
तरी पातेलं होतं तेवढंच.
उचललं की आत डुचमळायचं,
जसं कुणी पोटात हसू दाबतंय.

गुरुवारी तसंच उचललं
आणि भिंतीला वळसा घालून ग्वाल्तेरच्या दारात गेले.
चौदा वर्षांनी.
भांडण पाण्याच्या पाइपचं, म्हणजे पाइपचंही नाही,
त्याच्या एका वळणाचं. ते कुणाच्या हद्दीत,
हे आता फक्त कचेरीतल्या फायलीला ठाऊक.
त्याने दार उघडलं, हातात पावाची सुरी.
"जास्त झालंय," मी म्हटलं.
"गेले वाटतं."
"सोमवारी."
"पोरगा भिंतीवर चढायचा. मी काही बोललो नाही त्याला."
"माहितेय."
सुरी काखेत धरून त्याने पातेलं घेतलं,
झाकण हनुवटीने दाबून आत गेला.

एदुईनो रागावला.
रागावला की तो बोलत नाही, पाठ करून झोपतो,
आणि त्या पाठीवर सगळं वाचता येतं.

शनिवारी पातेलं परत आलं. माझ्याहून लख्ख घासलेलं.
भांडं रिकामं परत करू नये, हे त्याच्या आईने शिकवलं असणार.
आत चार रताळी, मातीसकट,
आणि एक हिरवा डायनासोर,
ज्याच्यासाठी मेसन दोन रात्री रडला होता.
तुटलेली शेपूट तारेने नीट बांधलेली.
कधी बांधली, विचारलं नाही.

पाठवायला पोस्टात तेरा युरो मागतात.
खिडकीत ठेवलाय सध्या, तोंड पिकूच्या डोंगराकडे.
रविवारी फोनवर दाखवला, तर मेसन म्हणाला,
राहू दे आजी, मी येईनच ना.
एवढं मला दुभाष्यावाचून कळलं.

नंतर वारा पडला. खाली समुद्रसुद्धा गप्प.
घड्याळ ऐकू येतं, आणि एदुईनोचा श्वास,
आणि सुरीखाली सुटत जाणारी साल.
बटाटे मी आता तिघांचे सोलते.
तिसरा कोण, एदुईनो विचारत नाही.